नरम म्हणजे कच्चे नव्हे

गेल्या दिवाळीत आमच्या वर्ध्याच्या घरी फराळाच्या ताटात चकली, करंजी आणि अनारसे ह्यांच्या शेजारी नातीने स्वतः भाजलेल्या चॉकलेट चिप कुकीज मांडल्या होत्या. भेटीस आलेल्या आणि आमच्या कुटुंबात तीन पिढ्या ज्यांचा शब्द मानला जातो अशा एका वयोवृद्ध गृहस्थांनी त्यांतली एक उचलली, मोडून पाहिली, ती बिस्किटासारखी कड्कन न तुटता मधोमध वाकून हळूच विलग झाली असे दिसताच ती ताटात परत ठेवली आणि ते नातीला म्हणाले, "बेटा, ह्या कच्च्या राहिल्या." मुलीचा चेहरा उतरला. पुढे तासभर बोलणे झाले आणि त्यात त्यांनी आपल्या हरकती एकामागून एक मांडल्या: नरम कुकी म्हणजे कच्ची कुकी, हा पदार्थ वर्ध्याच्या मातीचा नव्हे, आश्रमाच्या भूमीत तर त्याला स्थानच नाही, इथल्या हवेत आणि आपल्या साध्या स्वयंपाकघरात तो नीट साधणार नाही, आणि साधला तरी बाजारात पुडा मिळत असता घरी हा खटाटोप कशासाठी?

त्या दिवशी वडीलधाऱ्यांसमोर मी फार बोलले नाही. परंतु हीच मते मी शेजारी, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या घरी आणि लग्नाच्या मांडवातही अनेकदा ऐकली आहेत. एका व्यक्तीशी माझा कज्जा नाही. ज्या मताने एका मुलीच्या यशस्वी कृतीवर अपयशाचा शिक्का मारला, त्या मताची मात्र तपासणी झाली पाहिजे, आणि ती मुद्देसूद व्हावी म्हणून हा लेख.

पहिली आणि मूळ हरकत कच्चेपणाची आहे. तिच्यात दोष भाषेचा आहे, आणि आपली भाषा तर ह्या बाबतीत संपन्न आहे. आपण कुरकुरीत आणि खुसखुशीत ह्यांत भेद करतो. लुसलुशीत आणि लिबलिबीत ह्यांत करतो. पावसाळ्यात डबा उघडा राहून नरम पडलेल्या चकलीला कच्ची न म्हणता सादळलेली म्हणतो. म्हणजे नरमपणाची कारणे अनेक असतात हे आपल्या आजीपणजींना पक्के ठाऊक होते. कच्चे ते, ज्याला अग्नीचा संस्कार पुरेसा झाला नाही. सादळलेले ते, जे एकदा कुरकुरीत झाले आणि मग हवेतल्या ओलाव्याने बिघडले. आणि नरम ते, जे पूर्ण भाजले जाऊनही ज्यातला ओलावा करणाऱ्याने जाणून राखला आहे. पुरणपोळी नरम असते म्हणून तिला कोणी कच्ची म्हणत नाही. कुकीला मात्र हा न्याय नाकारला जातो, कारण आपण तिला बिस्किटाच्या कायद्याखाली उभी करतो.

ही दोन कुळेच वेगळी आहेत. बिस्किट ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ दोनदा भाजलेले असा आहे. दीर्घ प्रवासात टिकावे म्हणून ज्यातले पाणी शक्य तेवढे काढून टाकले आहे असा तो पदार्थ. कुकी हा शब्द डच भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ छोटा केक. नावाची ही साक्ष एकट्याने निकाल देण्यास पुरेशी नाही, हे मी मान्य करते. आणखीही एक कबुली इथेच द्यायला हवी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन गावच्या टोल हाउस ह्या खाणावळीत रूथ वेकफील्ड ह्या आहारशास्त्र शिकलेल्या बाईंनी १९३० नंतरच्या दशकात चॉकलेटचे तुकडे घालून जी कुकी सिद्ध केली, ती आकाराने लहान आणि कुरकुरीत होती. तिच्या मूळ इंग्रजी नावातच कुरकुरीतपणाचा निर्देश होता. तेव्हा कुरकुरीत कुकी चूक आणि नरम तेवढी खरी, असा उलटा हट्ट मी धरत नाही. माझे म्हणणे इतकेच की नरम कुकी ही कुरकुरीत कुकीची बिघडलेली आवृत्ती नव्हे. ती वेगळ्या प्रमाणाने, वेगळ्या उष्णतेने आणि अधिक सावधगिरीने घडवलेली स्वतंत्र कृती आहे.

हे समजण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. त्याच ताटात, त्या कुकीच्या शेजारी, तिचा सर्वांत प्रबळ साक्षीदार बसला होता, आणि आमच्या आदरणीय पाहुण्यांनी तो मोठ्या प्रेमाने खाल्लाही. अनारसे कसे होतात? तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलले जाते. मग ते निथळून, ओलसर असतानाच कुटून, चाळून त्या पिठात गूळ मळला जातो, आणि तो गोळा डब्यात काही दिवस मुरत ठेवला जातो. पुढे खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात तो सोडतात आणि न उलटता तळतात. कडा कुरकुरीत होतात, मधे जाळी पडते, आणि त्या जाळीत गुळाचा ओलसर, किंचित चिकट, दातांना सौम्य प्रतिकार करणारा मऊपणा राहतो. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिले की अनारसा तुपात पसरून विस्कटतो. त्याला आपण अनारसा हसला असे म्हणतो. आता कुकीकडे पाहा. तिच्यातही पीठ आणि गोड ह्यांचे प्रमाण तोलायचे असते, तिचाही गोळा मुरवायचा असतो, तिचीही कड खरपूस आणि मध्य नरम हवा असतो, आणि प्रमाण चुकले की तीही तव्यावर पसरून हसते. ज्या गृहिणीला अनारसा साधतो, तिला ही कुकी निम्म्याहून अधिक आधीच येत असते.

ह्या नरमपणाची कारणमीमांसाही देते, कारण केवळ साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. पांढरी साखर भाजताना विरघळते आणि थंड होताना पुन्हा स्फटिकरूप होते. त्यातून कुरकुरीतपणा येतो. गुळात मात्र साखरेबरोबरच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्या साध्या शर्कराही असतात. त्या स्फटिक बनण्यात अडथळा आणतात आणि हवेतला ओलावा धरून ठेवतात. पाश्चात्त्य पाककृतींत जी तपकिरी साखर सांगितलेली असते, ती मळीचा अंश राखलेली साखरच होय, आणि तिचे काम आपला गूळ त्याच तत्त्वाने करतो. गुळात किंचित आम्लताही असते, जिच्यामुळे तापत्या दुधात तो पडला तर दूध फाटण्याचा धोका असतो. तीच आम्लता इथे खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून कुकीला फुलवते.

स्निग्ध पदार्थाची गोष्ट याहून बोधप्रद आहे, आणि ती वर्ध्याच्या वाचकाला तर हाताशी असलेल्या दाखल्याने सांगता येते. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक कोणाला माहीत नाही? इथून परगावी जाणारा मनुष्य तो बरोबर नेतो आणि परगावचा नातलग तो मागवून घेतो. गाईच्या तुपातला तो पदार्थ तोंडात ठेवताच विरघळतो, कारण तुपात पाणी जवळजवळ नसते. पिठाच्या कणांना तूप वेढून टाकते, त्यांतील प्रथिनांना चिवट धागे विणण्यास पाणीच मिळत नाही, आणि म्हणून नानकटाई काय, गोरसपाक काय, दोन्ही भुरभुरीत राहतात. लोण्याचा स्वभाव याच्या उलट. बाजारच्या लोण्यात शंभर भागांत सुमारे ऐंशी भाग स्निग्धांश आणि सोळा भागांपर्यंत पाणी असते. ते पाणी पिठाला मिळाले की धागे विणले जातात आणि कुकीला ती चर्वणाची गोडी येते, जिच्यासाठी आपल्याकडे चिवट असा दोषवाचक शब्द वापरला जातो. चिवटपणा शिळ्या पोळीचा असतो. इथे अभिप्रेत आहे ते सावकाश चावताना क्रमाक्रमाने उलगडणारे माधुर्य. आपल्या साहित्यशास्त्राने रसास्वादाला चर्वणा हा शब्द दिला, तो ह्या अनुभवाच्या फार जवळचा आहे. तात्पर्य, गोरसपाकाचा भुरभुरीतपणा जसा तुपाचा गुण, तसा कुकीचा नरमपणा लोण्याचा आणि गुळाचा गुण. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे अन्यायाचे आहे.

पहिल्या हरकतीत सत्याचा एक अंश आहे आणि तो मी लपवणार नाही. नरम म्हणून खपवल्या जाणाऱ्या काही कुकीज खरोखरीच कच्च्या असतात, आणि कच्चे पीठ व कच्चे अंडे पोटाला अपायकारक आहेत. परंतु त्याचा निवाडा भट्टीतून काढताक्षणी बोट रुतवून होत नाही. तापलेली कुकी नेहमीच मऊ असते. तव्यावर दहा मिनिटे ठेवल्यावर, त्या तव्याच्याच उष्णतेने, तिचा मध्य स्थिरावतो. पूर्ण निवाल्यावर ती मोडा. आतून पिठाचा ओला, चकचकीत लगदा दिसला आणि कच्च्या कणकेचा वास आला तर ती कच्ची. एकसारखा, दमट, धाग्यांनी बांधलेला पोत दिसला तर ती शिजलेली. आमच्या घरची त्या दिवशीची कुकी आदल्या रात्रीच निवाली होती आणि तिच्यात लगदा नव्हता.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामागे एक थोर परंपरा उभी आहे. गांधीजी १९३६ साली ज्या शेगावात येऊन राहिले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, त्या गावच्या आश्रमात एकादश व्रतांचा उच्चार रोज होत असे आणि त्यांत अस्वाद हे एक व्रत होते. त्या भूमीवर लोणी, गूळ आणि चॉकलेट ह्यांचे गुणगान का करावे, असा प्रश्न कोणी श्रद्धेने विचारला तर त्याला हसण्यावारी नेणे मला पाप वाटते. माझे उत्तर असे. अस्वाद हे व्रत ज्यांनी घेतले त्यांना ते बांधील आहे. आमच्या पाहुण्यांच्या घरी किंवा माझ्या घरी ते घेतलेले नाही, आणि चकली व करंजी ह्यांना जी मुभा आपण सणाच्या दिवशी देतो ती कुकीला नाकारण्याचा आधार त्या व्रतात सापडत नाही. व्रत पाळायचे तर संपूर्ण ताटावर पाळावे. शिवाय त्याच एकादश व्रतांत शरीरश्रमही आहे आणि स्वदेशीही. बारा-तेरा वर्षांची मुलगी स्वतः गूळ किसते, पीठ तोलते, भांडी घासते, हे शरीरश्रमाच्या अधिक जवळचे, की आयता पुडा फोडणे?

स्वदेशीचा मुद्दा तर वर्ध्यातच सोडवलेला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे कार्यालय आले, आणि जे. सी. कुमारप्पांनी तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, मधमाशापालन, हातकागद ह्यांच्याबरोबर गूळ आणि ताडगूळ ह्यांचे काम चालवले. गिरणीच्या साखरेऐवजी गुळाचा पुरस्कार गांधीजींनी १९३५ साली 'हरिजन'मधून केला. मगन संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. वेकफील्डबाईंची कुकी अमेरिकेत घरोघर पसरू लागली तीही ह्याच सुमारास, आणि त्या कुकीला नरम करणारा जो घटक, त्याचीच उपजत समृद्धी मगनवाडीतले कार्यकर्ते लोकांना समजावून सांगत होते. आज वर्ध्याच्या मुलीने तपकिरी साखरेचे आयात पाकीट बाजूला ठेवून चिक्कीचा नव्हे, तर साधा, गडद, रसायनविरहित गूळ किसून कुकी भाजली, तर तिने त्या परंपरेचा भंग केला, की ती आपल्या स्वयंपाकघरात पुढे नेली?

चॉकलेट परके आहे हे खरे. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. आता ते केरळात, कर्नाटकात, आंध्रात आणि तमिळनाडूतही लावले जाते. परंतु त्याच खंडातून मिरची आली, जिच्याशिवाय विदर्भाचा रस्सा होत नाही. तिथूनच शेंगदाणा आला. आणि ज्या कंदाचा साबुदाणा आपण एकादशीला निःशंक खातो तो कंदही तिथलाच. परकेपणाची हरकत पुढे आणायची, तर तिचा अंमल उपवासाच्या ताटापासून सुरू करावा लागेल.

तिसरी हरकत हवामानाची आणि साधनांची. तिच्यात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा काढला जातो. इंग्रजी पुस्तकात लोणी घरच्या तापमानाचे घ्या असे लिहिलेले असते, आणि लिहिणाऱ्याच्या घरचे तापमान वीस-एकवीस अंश असते. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्या घरात लोणी तुपासारखे वाहते, आणि कोकोच्या झाडाचे स्निग्ध सुमारे चौतीस अंशांना वितळत असल्यामुळे चॉकलेटचे तुकडेही पाघळतात. अशा गोळ्याला थेट भट्टीत घातले की कुकी हसणारच. हा दोष वर्ध्याचा नव्हे. पुस्तक जसेच्या तसे राबवण्याचा आहे. उपाय अनारशाचाच: मुरवणे, मात्र थंड जागी. गोळा चोवीस तास फ्रिजमध्ये राहिला की पीठ ओलावा सर्वत्र शोषून घेते, चव गडद होते, आणि घट्टसर झालेले लोणी उशिरा वितळत असल्याने कुकी पसरण्यापूर्वी तिची कड धरते.

घरी अनेकदा पडताळलेले प्रमाण इथे देते. मैदा १२० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, वितळवून कोमट केलेले लोणी ११० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, एक अंडे, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि गडद चॉकलेटचे तुकडे १२५ ग्रॅम. अंडे वर्ज्य असेल त्या घरी दोन मोठे चमचे घट्ट दही आणि एक चमचा दूध घालावे. लोणी घरचे असेल तर ताकाचा अंश नीट धुऊन, दाबून काढावा, नाहीतर पाणी अधिक होऊन पीठ सैल पडते. लोणी, गूळ आणि साखर ह्यांत गुळाचे खडे राहू देऊ नयेत. अंडे किंवा दही मिसळून मग पीठ घालावे, आणि पीठ घातल्यावर हात आवरता घ्यावा. लिंबाएवढे सोळा-अठरा गोळे होतात. १७५ अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये दहा ते बारा मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकून पंधरा मिनिटे तापवावी आणि त्यात ताटलीवर दोन-तीन गोळे भाजावेत. वेळ थोडा अधिक लागतो, डोळा अधिक ठेवावा लागतो. कड सोनेरी आणि मध्य अजून फिका दिसताच बाहेर काढावे. सगळी विद्या ह्या अखेरच्या दोन मिनिटांत आहे. निवाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात पावाच्या एका कापेसह ठेवावे, म्हणजे उन्हाळ्याची कोरडी हवा त्यांतला ओलावा पळवीत नाही.

साधनांविषयी बोलणाऱ्यांना आपल्याच गावची जुनी वहिवाट आठवावी. मैदा, साखर आणि तूप डब्यात घालून भट्टीवर नेऊन द्यायचे आणि बिस्किटे भाजून आणायची, हा शिरस्ता एका पिढीपूर्वी कितीतरी घरांत होता. घरच्या जिनसांवर आपली नजर असावी हा त्यामागचा आग्रह. तोच आग्रह चौथ्या हरकतीचे उत्तर आहे. बाजारच्या स्वस्त पुड्यात लोण्याऐवजी पाम तेल असते आणि चॉकलेटच्या जागी बहुधा वनस्पती चरबीचे कंपाउंड. वेष्टनावरचा मजकूर वाचला की खुलासा होतो. महिनोन्महिने टिकावे म्हणून तो पदार्थ कोरडा ठेवणे उत्पादकाला सोयीचे असते. ताजी नरम कुकी घरीच उत्तम होते, कारण तिला दीर्घ आयुष्य नको असते.

आणि घरी करण्याचे एक फळ याहून मोठे आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नयी तालीम देशाला मिळाली, तिचे सूत्र हाताच्या कामातून ज्ञान हे होते. माझ्या नातीने ह्या एका पदार्थातून वजन-माप शिकले, आम्ल आणि अल्कली ह्यांचा संयोग पाहिला, पाणी आणि प्रथिने ह्यांचे नाते बोटांनी ओळखले, आणि चार वेळा फसून पाचव्या वेळी साधले. चौथ्या वेळची कुकी खरोखर कच्ची होती आणि तिनेच ती ओळखून टाकून दिली. ज्या मुलीला हा भेद करता येतो, तिला तिच्या यशाच्या दिवशी कच्चेपणाचा दोष लागला, ह्याचे मला आजही दुःख आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीत अनारशाचे पीठ मुरायला ठेवाल, तेव्हा घरातल्या मुलाला किंवा मुलीला कुकीचा गोळाही शेजारी मुरवू द्या. भाजून झाल्यावर तो निवेपर्यंत धीर धरा, मग मोडा, सावकाश चावा, आणि मगच निवाडा द्या.